रक्त वाढवायचे असेल तर घरातल्या बाईने आधी जेवले पाहिजे

ठाण्यात राहून मुंबईला नोकरी करणाऱ्या बायकांची सकाळ बहुतेक सारखीच असते. पाचला उठायचे, पाणी भरायचे, पोळ्या लाटायच्या, नवऱ्याचा आणि मुलांचा डबा भरायचा, सासूबाईंची औषधे काढून ठेवायची आणि लोकल गाठण्यासाठी घर सोडण्यापूर्वी ओट्यापाशी उभ्यानेच कपभर चहात दोन बिस्किटे बुडवून खायची. मी सोळा वर्षे हेच केले. एकोणचाळिसाव्या वर्षी ठाणे स्टेशनच्या पुलाचा जिना चढताना मला इतका दम लागू लागला, की मध्येच कठडा धरून थांबावे लागे. एका दवाखान्यात ‘या वयात बायकांना थकवा येतोच’ असे सांगून मला परत पाठवले गेले. दुसऱ्या डॉक्टरांनी डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि रक्त तपासायला सांगितले, तेव्हा हिमोग्लोबिन ८.४ निघाले. पुढच्याच आठवड्यात मी आठ वर्षांच्या मुलीचेही रक्त तपासून घेतले, कारण पाटीवरची पेन्सिल ती चोरून कुरतडत असे. तिचे ९.८ होते.

आमच्या घरात अन्नाची ददात नव्हती, त्यामुळे या आकड्यांचा मला धक्का बसला. मात्र आम्ही काही वेगळे नव्हतो. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शेकडा ५४ बायकांमध्ये आणि सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या शेकडा जवळजवळ ६९ मुलांमध्ये रक्तक्षय आढळला होता. बाईच्या आणि मुलांच्या आहाराविषयी पुष्कळ सांगता येईल, पण पुष्कळ घरांत ज्या एका गोष्टीची उणीव आहे तिच्यापासून सुरुवात करावी असे मला वाटते, आणि ती गोष्ट म्हणजे रक्तातले हिमोग्लोबिन तयार होण्यासाठी लागणारे लोह. ते भरून काढताना बाकीचा आहारही आपोआप मार्गी लागतो, कारण त्यासाठी जे खावे लागते त्यातूनच प्रथिनेही मिळतात आणि जे कमी करावे लागते ते एरवीही कमीच करायला हवे असते.

आधी आकडा माहीत करून घ्यावा

थकवा, चिडचिड, केस गळणे, पायांत गोळे येणे, जिना चढताना धाप लागणे, मुलाचे अभ्यासात लक्ष न लागणे आणि वारंवार सर्दी-खोकला होणे या तक्रारींची कारणे अनेक असू शकतात, त्यामुळे अंदाजाने औषध घेण्यात अर्थ नाही. माती, खडू, पाटीवरची पेन्सिल, कच्चे तांदूळ किंवा बर्फ खाण्याची अनावर इच्छा होत असेल, तर मात्र ती वाईट खोड समजून मुलाला रागावू नये. लोह कमी झाल्याची ती अनेकदा खूण असते. मी माझ्या मुलीला त्यापायी दोनदा मारले होते आणि आजही ते आठवले की मन खाते.

सीबीसी नावाची रक्ताची साधी तपासणी कोणत्याही प्रयोगशाळेत होते आणि तिच्यासाठी उपाशी राहावे लागत नाही. गरोदर नसलेल्या प्रौढ स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ किंवा त्याहून अधिक, गरोदर स्त्रीचे ११ किंवा त्याहून अधिक आणि ५ ते ११ वर्षांच्या मुलाचे ११.५ किंवा त्याहून अधिक असावे. दोन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी ११ ही मर्यादा धरतात. स्त्रीचे ८ च्या खाली आणि गरोदर स्त्रीचे ७ च्या खाली गेले तर तो तीव्र रक्तक्षय असतो. अशा वेळी घरचे उपाय करत बसू नये, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

त्याच अहवालात एमसीव्ही, म्हणजे लाल पेशींचा सरासरी आकार, हा आणखी एक आकडा असतो, त्याकडेही डॉक्टरांचे लक्ष वेधावे. लाल पेशी आकाराने लहान असतील तर बहुतेक वेळा लोहाची कमतरता असते, पण थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराचा वाहक असलेल्या व्यक्तीतही पेशी तशाच लहान दिसतात. तीन महिने नीट गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन हलत नसेल, तर थॅलेसेमियाची तपासणी करून घ्यावी आणि ती होईपर्यंत गोळ्यांचा मारा वाढवू नये. पेशी मोठ्या दिसत असतील तर ब-१२ किंवा फोलिक आम्ल कमी असण्याची शक्यता असते. ब-१२ वनस्पतींतून मिळत नाही, म्हणून शुद्ध शाकाहारी घरात दूध, दही, ताक यांना कात्री लावणे परवडत नाही.

रक्त जाते कुठे, हेही पाहावे लागते. पाळी सात दिवसांहून अधिक चालत असेल, दर तासा-दोन तासांनी पॅड बदलावे लागत असेल किंवा मोठ्या गाठी पडत असतील, तर कितीही खाल्ले तरी भांडे गळतेच आहे असे समजावे. ‘आमच्या घरात सगळ्यांचेच जास्त जाते’ या समजुतीवर कितीतरी बायका वर्षे काढतात. स्त्रीरोगतज्ज्ञाला हे मोकळेपणाने सांगावे, कारण त्यावर उपचार आहेत.

चहाची वेळ बदलावी

आमच्या घरात सर्वांत मोठा फरक ज्या बदलाने पडला त्याला एक पैसाही लागला नाही. चहातले टॅनिन अन्नातल्या लोहाला बांधून ठेवते आणि ते रक्तात शोषले जात नाही. शाकाहारी अन्नातले लोह एरवीही शेकडा दहापेक्षा कमीच शोषले जाते, मग पोळी-भाजीवर लगेच चहा घेतला की त्यातलेही बरेचसे वाया जाते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक सूचनांमध्ये जेवणाच्या आधी आणि नंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळावी असे म्हटले आहे. चहा सोडा असे मी कोणालाही सांगणार नाही, कारण तो सुटत नाही आणि सुटला नाही की बाकीचे पथ्यही माणूस सोडून देतो. उठल्या उठल्या पाच वाजता चहा घ्यावा, सव्वासहा-साडेसहाला भाकरी किंवा पोळी भाजीसकट बसून खावी, आणि पुढचा चहा कार्यालयात अकरा वाजता घ्यावा. दुपारी डबा खाल्ल्यावर सगळ्या मैत्रिणी चहाच्या टपरीकडे वळतात तेव्हा थोडा वेळ अवघड जाते. मी त्या वेळी एक पेरू किंवा संत्रे सोलून खाऊ लागले आणि चहा साडेतीनवर ढकलला.

लहान मुलांना चहा देऊच नये. दूध आवडत नाही म्हणून त्यात चमचाभर चहा घालून रंग आणायचा किंवा चहात बिस्किट बुडवून भरवायचे ही पद्धत कळव्यापासून घोडबंदरपर्यंत कुठल्याही इमारतीत पाहायला मिळते. त्या बिस्किटाने मुलाचे पोट भरते, लोह मात्र काहीच मिळत नाही.

आंबट गोष्टी चहाच्या नेमके उलट काम करतात. क जीवनसत्त्व लोहाला शोषले जाण्याजोगे करते. म्हणून उसळीवर, आमटीवर, पालेभाजीवर लिंबू पिळावे, आणि ते भांडे खाली उतरवल्यावर पिळावे, कारण उकळताना क जीवनसत्त्व नष्ट होते. हिवाळ्यात आवळा, उन्हाळ्यात कैरी आणि एरवी पेरू हाताशी असतो. पेरूमध्ये संत्र्याहून कितीतरी अधिक क जीवनसत्त्व असते आणि तो स्वस्तही असतो. टोमॅटो-कांद्याची कोशिंबीर आणि मूठभर कोथिंबीर यांना ताटातली शोभा न समजता जेवणाचा भाग समजावे.

पानात काय आणि किती

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीला रोज २९ मिलिग्रॅम लोह लागते, तर पुरुषाला १९. म्हणजे घरात ज्या व्यक्तीला लोह सर्वांत जास्त लागते तीच बहुतेक घरांत सर्वांत शेवटी, भाजीच्या तळाशी उरलेल्या रश्शाबरोबर जेवते. उसळ संपली म्हणून लोणच्याशी पोळी खाणारी बाई आपण त्याग करतो आहोत असे समजते, पण तिचेच रक्त गर्भातल्या बाळाला आणि पुढे तिच्या अंगावर पिणाऱ्या मुलाला पुरायचे असते. यावर मला सापडलेला उपाय साधा आहे. स्वयंपाक झाला की डबे भरण्याआधी बाईने स्वतःचा डबा भरावा, उसळ तळापासून ढवळून घट्ट भाग स्वतःसाठी वाढावा आणि मग बाकीच्यांचे भरावे. रात्री सगळ्यांनी एकत्र बसावे आणि ज्याला जे हवे ते त्याने उठून घ्यावे. सुरुवातीला सासूबाईंना हे रुचले नाही. अहवाल त्यांच्या हातात दिला तेव्हा चष्मा लावून त्यांनी तो दोनदा वाचला, आणि दुसऱ्या दिवसापासून माझा डबा त्या स्वतःच आधी भरू लागल्या.

बाजरीत १०० ग्रॅममागे सुमारे सहा मिलिग्रॅम लोह असते, म्हणजे मध्यम आकाराच्या एका भाकरीतून तीन मिलिग्रॅमच्या आसपास मिळते. ३० ग्रॅम, म्हणजे साधारण मूठभर, कोरड्या मटकीतून दोनांहून थोडे अधिक मिळते. चवळी, हुलगे, मसूर, सोयाबीन, तीळ, राजगिरा आणि भाजलेले चणे यांतूनही ते मिळते. मासे खाणाऱ्यांनी जवळा आणि सुकट यांना कमी लेखू नये. चेंदणी कोळीवाड्यात किंवा बेलापूरच्या दिवाळे गावात सुक्या मासळीच्या टोपल्या घेऊन बसणाऱ्या मावशी जी मासळी विकतात तिच्यातले लोह कडधान्यांतल्या लोहापेक्षा सहज शोषले जाते, आणि मांदेलीसारखे काट्यांसकट खाल्ले जाणारे छोटे मासे कॅल्शियमही देतात. सुकट मात्र खारवलेली असू शकते, म्हणून दोन-तीन पाण्यांतून धुऊन घ्यावी आणि वरून मीठ बेतानेच घालावे.

नाचणीविषयी एक गैरसमज दूर करायला हवा. नाचणी कॅल्शियमसाठी उत्तम आहे. तिच्यात १०० ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते आणि इतके दुसऱ्या कोणत्याही धान्यात नसते. लोहासाठी मात्र बाजरी तिच्यापेक्षा सरस आहे, म्हणून दोन्ही आलटून पालटून खाव्यात. तसाच दुसरा गैरसमज बीट आणि डाळिंब यांचा आहे. त्यांचा रंग लाल असतो, पण लोह त्यांत फारच थोडे असते. फळ म्हणून ती जरूर खावीत, पण रक्त वाढावे म्हणून महागडी डाळिंबे आणून उसळीला फाटा देऊ नये. गूळ आणि खजूर यांतून थोडे लोह मिळते, मात्र त्याबरोबर साखरही पोटात जाते, म्हणून त्यांच्यावर भिस्त ठेवू नये.

मोड आणण्याची पद्धत तपशिलाने सांगते, कारण कडधान्यातले लोह मोकळे होण्यात तिचा मोठा वाटा आहे. मटकी संध्याकाळी सात वाजता तीन-चार पाण्यांतून धुऊन भरपूर कोमट पाण्यात भिजत घालावी. सकाळी उठल्यावर पाणी पूर्ण ओतून टाकावे, न भिजलेले टणक दाणे, ज्यांना आपण गणंग म्हणतो, ते निवडून काढावेत आणि मटकी ओल्या सुती फडक्यात सैलसर बांधावी. गाठोडे घट्ट आवळले तर आतल्या दाण्यांना हवा मिळत नाही आणि ते बुळबुळीत होतात. ठाण्याच्या दमट हवेत मे महिन्यात संध्याकाळपर्यंतच नखाएवढे मोड येतात, जानेवारीत मात्र आणखी एक रात्र लागते. पावसाळ्यात मटकीला चटकन आंबूस वास येतो, म्हणून दिवसातून दोनदा गाठोडे सोडून धुवावे आणि मोड दिसताच शीतकपाटात ठेवावे. भिजण्याने आणि मोड येण्याने लोहाला अडवणारे फायटिक आम्ल कमी होते आणि क जीवनसत्त्व वाढते. पावसाळ्यात मोडाची कडधान्ये मुलांना कच्ची देऊ नयेत, वाफवूनच द्यावीत.

उसळ आणि आमटी लोखंडी कढईत किंवा बिडाच्या भांड्यात शिजवली तर त्यातले थोडे लोह अन्नात उतरते, आणि चिंच, टोमॅटो किंवा आमसूल असेल तर अधिक उतरते. अन्न शिजल्यावर लगेच दुसऱ्या भांड्यात काढावे, नाहीतर ते काळे पडते आणि चवीला तुरट लागते. कढई धुऊन, पुसून, तेलाचे बोट फिरवून ठेवली की गंजत नाही.

पावसाळा हा ठाण्यात राहणाऱ्यांसाठी आणखी एका कारणाने चांगला काळ आहे. आदिवासी बायका टाकळा, कुर्डू, फोडशी, शेवळे अशा रानभाज्या घेऊन बाजारात बसतात. टाकळ्याची कोवळी पाने कांदा-लसणावर परतून भाकरीबरोबर द्यावीत, मुले खातात. शेवळे घेताना त्याच मावशींकडून काकडे नावाची आंबट फळेही मागून घ्यावीत, कारण त्यांच्याशिवाय शिजवलेले शेवळे घशाला खाजते. वर्षभर मिळणारा शेवग्याचा पाला तर अनेक संकुलांच्या कुंपणापाशी फुकट वाढलेला असतो. तो थालीपिठाच्या पिठात, वरणात किंवा मुठियात घातला की मुलांना कळतही नाही.

प्रथिनांचा हिशेब थोडक्यात असा मांडता येतो. ५५ किलो वजनाच्या स्त्रीला रोज सुमारे ४६ ग्रॅम प्रथिने लागतात. एका अंड्यातून सहा ग्रॅमच्या आसपास आणि ३० ग्रॅम डाळीतून साडेसहा ग्रॅमच्या आसपास मिळतात, तेव्हा पातळ वरणाची एक पळी भातावर घेऊन हा हिशेब जुळत नाही. वरण घट्ट करावे आणि दोन्ही वेळच्या पानात डाळ, कडधान्य, अंडे, मासे किंवा दही यांपैकी काहीतरी असावेच.

बाळाचे वरचे अन्न आणि शाळेचा डबा

पहिले सहा महिने बाळाला केवळ आईचे दूध द्यावे, पाणीसुद्धा देऊ नये. सहा महिने पूर्ण होताना जन्मतः मिळालेला लोहाचा साठा संपत येतो, म्हणून उष्टावण लांबवू नये. येथे होणारी चूक मी शेजारीपाजारी पुष्कळदा पाहिली आहे. नाचणीचे सत्त्व किंवा भाताची पेज इतकी पातळ करतात की ती बाटलीतून पाजता येते. बाळाच्या पोटात वाटीभर पाणीच जाते आणि आईला मात्र वाटते की बाळ भरपूर जेवले. वरचे अन्न चमचा तिरका केला तरी ओघळून जाणार नाही इतके घट्ट असावे. मऊ भात आणि मुगाचे वरण हाताने कुस्करून त्यात अर्धा चमचा साजूक तूप घालावे, पुढे त्यात कुस्करलेली पालेभाजी, उकडलेले अंडे किंवा काटे नीट काढलेला मासा घालावा. वर्षाच्या आत साखर, मीठ आणि मध देऊ नये. मधातून लहान बाळाला विषबाधा होण्याचा धोका असतो, म्हणून चाटण देणाऱ्या आजीलाही प्रेमाने पण ठामपणे थांबवावे.

वर्षानंतर दूध दिवसाला अर्ध्या लिटरपेक्षा जास्त देऊ नये. दुधात लोह जवळजवळ नसते आणि दुधाने पोट भरलेले मूल जेवत नाही. ‘जेवत नाही म्हणून दूध देते’ असे सांगणाऱ्या आईच्या घरी बहुतेक वेळा दूध देते म्हणून ते जेवत नसते.

शाळेच्या डब्यासाठी मी एकच नियम पाळला. आठवड्यातले तीन दिवस डब्यात कडधान्य किंवा डाळ असलीच पाहिजे, मग ती उसळ-पोळी असो, मूग डाळीचे धिरडे असो, शेवग्याचा पाला घातलेले थालीपीठ असो की राजगिऱ्याचे लाडू आणि चणे असोत. पाकिटातल्या वेफर्सऐवजी भाजलेले चणे-शेंगदाणे आणि एक पेरू दिला की मधल्या सुट्टीचा खाऊही होतो. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे दाणे देऊ नयेत, घशात अडकतात, त्यांना कुटून द्यावेत.

जंत हेही रक्त कमी होण्याचे कारण आहे. वर्षातून दोनदा, फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये, शाळा-अंगणवाड्यांतून जंतनाशकाची गोळी दिली जाते. ‘आमच्या मुलाला जंत नाहीत’ म्हणून ती टाळू नये. मातीत खेळून आल्यावर, शौचानंतर आणि जेवण्यापूर्वी साबणाने हात धुण्याची सवय लावावी आणि नखे दर आठवड्याला कापावीत.

लोहाच्या गोळ्या कशा घ्याव्यात

हिमोग्लोबिन बरेच खाली गेले असेल तर केवळ आहाराने ते लवकर भरून येत नाही, गोळ्या लागतातच. २०१८ पासून चालू असलेल्या ॲनिमियामुक्त भारत कार्यक्रमात सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांसाठी आठवड्यातून दोनदा लोहाचे औषध, पाच ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी आठवड्याला एक गुलाबी गोळी, दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींसाठी आठवड्याला एक निळी गोळी आणि गरोदर स्त्रीसाठी १८० दिवस रोज एक लाल गोळी असते. आशाताई, अंगणवाडी किंवा शाळा यांच्याकडून मिळणाऱ्या या गोळ्या फुकट आहेत म्हणून हलक्या आहेत असे समजू नये, त्यांतील लोह तेच असते. शाळेतली निळी गोळी मुलीने उपाशीपोटी घेऊ नये, जेवून घ्यावी, म्हणजे मळमळ होत नाही. गरोदर बायकांसाठी दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांवर मोफत तपासणी असते, तिचाही उपयोग करून घ्यावा.

उपचारासाठी किती गोळ्या घ्यायच्या हे डॉक्टरच ठरवतील. आपल्या हातात असते ते त्या नीट घेणे. गोळी लिंबाच्या पाण्याबरोबर घ्यावी. दूध, चहा, कॅल्शियमची गोळी आणि आम्लपित्ताचे औषध यांच्यापासून तिला किमान दोन तास दूर ठेवावे. पहिले दोन महिने मी लोहाची आणि कॅल्शियमची गोळी सोयीसाठी एकाच वेळी गिळत होते आणि माझा आकडा जेमतेम ०.५ ने वाढला होता. कॅल्शियम रात्रीच्या जेवणानंतर घेऊ लागल्यावर पुढच्या महिन्यात तो पुरता एकाने वर आला. शौचाला काळी होते, त्याला घाबरू नये. पोट साफ होत नसेल तर पाणी, पालेभाजी आणि पेरू वाढवावा, मळमळ होत असेल तर गोळी जेवणानंतर घ्यावी किंवा डॉक्टरांकडून बदलून घ्यावी, पण मनानेच बंद करू नये. हिमोग्लोबिन १२ झाल्यावरही साठा भरण्यासाठी साधारण तीन महिने गोळ्या चालू ठेवाव्या लागतात, आणि बहुतेक बायका नेमक्या तेव्हाच त्या सोडतात.

या गोळ्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा उंच आणि बंद जागी ठेवाव्यात. गोड आवरणामुळे लहान मूल त्या खाऊच्या गोळ्या समजून खाते आणि लोहाची विषबाधा जिवावर बेतते. असे झाल्याची शंका जरी आली तरी घरी थांबू नये, लगेच रुग्णालय गाठावे.

चालणे, धावणे आणि ऊन

हिमोग्लोबिन नऊच्या खाली असताना येऊरचा चढ चढायला निघू नये. आधी सपाट रस्त्यावर दहा-पंधरा मिनिटे, बोलता येईल इतक्या बेताने चालावे आणि रक्त वाढेल तसे अंतर वाढवावे. तलावपाळी किंवा कचराळी तलावाभोवतीची फेरी त्यासाठी सोयीची आहे, उपवनकडे राहणाऱ्यांना तो तलाव आहे आणि नेरूळला ज्वेल ऑफ नवी मुंबईचा सपाट मार्ग आहे. पुढे प्रौढ व्यक्तीने आठवड्याला किमान १५० मिनिटे भरभर चालावे आणि दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम करावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. घरकामाने व्यायाम होतो असे आपण म्हणतो, पण ओट्यापाशी तासन् तास उभे राहिल्याने पाय दुखतात, छातीला व्यायाम होत नाही. सूर्यनमस्कार, खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणे-बसणे आणि पाण्याच्या भरलेल्या दोन बाटल्या उचलणे एवढ्यानेही स्नायूंचे काम होते. एक स्टेशन आधी उतरून चालणे ज्यांना जमते त्यांनी ते करावे.

पाच वर्षांवरच्या मुलांना रोज एक तास घाम येईपर्यंत खेळायला हवे. पावसाळ्याचे चार महिने मैदान नसते, तेव्हा इमारतीच्या वाहनतळाच्या कोरड्या भागात लंगडी, दोरीच्या उड्या आणि फुगडी होऊ शकते. आमच्या संकुलात चार आयांनी आळीपाळीने संध्याकाळी एक तास खाली थांबायचे ठरवले, तेव्हापासून मुले टीव्हीसमोरून आपणहून उठतात. मुलीला पाळी सुरू झाली की तिचे खेळणे बंद करणारी घरे अजून आहेत. त्याच वयात हाडे सर्वांत वेगाने भरत असतात, तेव्हा तिला खेळू द्यावे.

उन्हाविषयी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सकाळी सातचे कोवळे ऊन सुखद असते, पण ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण त्यात फारसे नसतात. ते दहानंतर मिळतात, म्हणून सुट्टीच्या दिवशी साडेदहा-अकराच्या सुमारास हात-पाय उघडे ठेवून पंधरा-वीस मिनिटे गच्चीत किंवा अंगणात बसावे. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हाचा यासाठी उपयोग होत नाही.

पहिल्या तपासणीनंतर महिन्याने, मग तीन महिन्यांनी आणि पुढे दर सहा महिन्यांनी रक्त पुन्हा तपासावे. आमच्या स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवला आहे. त्यावर माझे, मुलीचे आणि आता सासूबाईंचेही आकडे तारखेसह लिहिलेले आहेत. माझ्या रकान्यात ८.४, ८.९, ९.९, ११.२ आणि १२.३ असे आकडे एकाखाली एक आहेत आणि मुलीचा शेवटचा आकडा १२.१ आहे. पाटीवरच्या पेन्सिली तिने स्वतःच कंपासपेटीतून काढून मला आणून दिल्या, तो दिवसही मी त्याच कागदावर तारखेसह लिहून ठेवला आहे.